नथीवर फोकस गेला आणि डोळे गेले: ब्लर बॅकग्राउंड नीट कसं करायचं

मामेबहिणीच्या साखरपुड्याला मी नवीनच घेतलेली ५० एमएमची एफ १.८ लेन्स लावून गेले होते. नवीन म्हणजे माझ्यासाठी नवीन, होती सेकंडहॅन्डच. दिवसभर सगळे फोटो एफ १.८ वरच काढले, कारण एवढे पैसे टाकून लेन्स घेतलीये तर अपर्चर, म्हणजे लेन्सच्या आतलं लहानमोठं होणारं भोक, पूर्ण उघडं नको का ठेवायला! (एफचा आकडा जितका लहान तितकं हे भोक मोठं.) कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या स्क्रीनवर सगळे फोटो एक नंबर दिसत होते, मामी तर म्हणाली अगदी स्टुडिओवाल्यासारखे आलेत गं. रात्री घरी येऊन लॅपटॉपवर उघडले आणि मी गप्पच बसले. नथीतला मोती न् मोती मोजता येत होता आणि नवरीमुलीचे डोळे मात्र आत्ताच झोपेतून उठल्यासारखे धुरकट. कॅमेऱ्याला जे सगळ्यात पुढे आणि चमकदार दिसलं ते त्याने पकडलं, त्याचं काय चुकलं.

मग बसून हिशोब केला तेव्हा कळलं की माझ्या क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर जरा लहान असलेल्या, कॅमेऱ्यावर, ५० एमएम लेन्सने, एफ १.८ ला, एक मीटरवरून फोटो काढला तर फोकसमध्ये राहणारी पट्टी जेमतेम पावणेतीन सेंटीमीटर जाडीची असते, त्यातली अर्धी फोकसच्या पुढे आणि अर्धी मागे. नथ डोळ्यांपेक्षा दोन-अडीच सेंटीमीटर पुढे असते. म्हणजे नथीवर फोकस गेला की डोळे पट्टीच्या बाहेर पडणार हे ठरलेलंच. या पट्टीलाच डेप्थ ऑफ फील्ड म्हणतात आणि ती पातळ असली की शॅलो.

आता सगळे सांगतात की अपर्चर उघडा, नंबर कमी ठेवा, झालं. ते खरं आहे पण माझ्या मते अपर्चर हे या खेळातलं सगळ्यात शेवटचं बटण आहे, आधी अंतराचं बघायचं, तुमच्यापासून वस्तूचं आणि वस्तूपासून मागच्या भिंतीचं, आणि ही दोन्ही अंतरं बदलायला एक रुपयाही लागत नाही.

पहिलं अंतर, कॅमेरा ते वस्तू. जितके जवळ जाल तितकी पट्टी पातळ, आणि ती भराभर पातळ होते, अंतर निम्मं केलं तर पट्टी जवळजवळ चौथाई होते. वरच्याच लेन्सचं बघा, दोन मीटरवरून एफ १.८ ला साधारण ११ सेंटीमीटर मिळतात, एका मीटरवर पावणेतीन, आणि ही जुनी लेन्स जितकी जवळ जाऊ शकते तिथे, म्हणजे ४५ सेंटीमीटरवर, फक्त साडेतीन-चार मिलिमीटर. एवढ्यात जास्वंदीचा तुरासुद्धा पूर्ण बसत नाही.

आणि आता गंमत ऐका, कॅमेऱ्याबरोबर फुकट मिळालेली ती १८-५५ ची किट लेन्स, जी सगळे जण घेतल्या घेतल्या शिव्या घालून कपाटात टाकतात, ती ५५ वर ठेवून अगदी जवळ, पाव मीटरपर्यंत गेलात तर एफ ५.६ ला सुद्धा पट्टी तीनेक मिलिमीटरचीच राहते! कारण ती ५० पेक्षा बरीच जवळ जाऊ देते. म्हणून ‘माझ्याकडे भारी लेन्स नाही म्हणून ब्लर येत नाही’ असं कोणी म्हटलं की मी विचारते, किती लांबून काढलास? बहुतेक वेळा उत्तर येतं की उभा राहून, झूम १८ वर. अरे मग कसा येणार, झूम ५५ वर ने आणि गुडघ्यावर बस.

दुसरं अंतर, वस्तू ते बॅकग्राउंड. हे तर कोणी मनावरच घेत नाही. फूल भिंतीला चिकटलेलं असेल तर एफ १.८ च काय एफ १.२ ची लेन्स आणलीत तरी भिंतीचे पोपडे दिसणारच. इथे एक साधं माप आहे जे मला फार आवडतं. लेन्सचं भोक खरोखर केवढं आहे ते काढायचं, त्यासाठी फोकल लेंग्थला (लेन्सचा तो एमएमचा आकडा) एफ नंबरने भागायचं. ५० भागिले १.८ म्हणजे २८ मिलिमीटर, साधारण दहा रुपयाच्या नाण्याएवढं (ते २७ चं असतं). आता खूप लांबचा एखादा दिवा ब्लर होऊन जो गोल दिसतो ना, तो तुमच्या वस्तूशेजारी बरोब्बर या भोकाएवढा दिसतो. म्हणजे पुढे पणती आणि लांब बिल्डिंगवर लाइटच्या माळा असतील तर पणतीशेजारी दहा-दहा रुपयांची नाणी तरंगतायत असं दिसेल. किट लेन्स ५५ वर एफ ५.६ ला असेल तर भोक १० मिलिमीटरचं, मग काबुली चण्याएवढे गोल. १८ वर एफ ३.५ ला ५ मिलिमीटरच, म्हणून १८ वर एफ नंबर कमी दिसला तरी ब्लर येत नाही, त्या आकड्याला भुलू नका. आणि फोनचं भोक असतं तीन-चार मिलिमीटर, मुगाच्या दाण्याएवढं, मग फोनवाल्यांनी सॉफ्टवेअरचे खेळ का सुरू केले ते कळतं.

पण हे झालं खूप लांबच्या बॅकग्राउंडचं. भिंत जवळ असेल तर गोल लहान होतो, आणि त्याचाही हिशोब सोपाय. वस्तू तुमच्यापासून अर्ध्या मीटरवर आणि भिंत वस्तूच्या मागे अजून अर्ध्या मीटरवर असेल तर अर्धाच ब्लर मिळतो, भिंत दोन मीटर मागे गेली की ८० टक्के, साडेचार मीटरवर ९० टक्के. त्यापुढे भिंत पार बारामतीला नेलीत तरी फार फरक पडत नाही. म्हणजे कुंडी उचलून भिंतीपासून दोन मीटर पुढे आणली की बहुतेक काम झालं. आमच्या बाल्कनीत दोन मीटर नाहीयेत, म्हणून मी कुंडी दरवाजात आणते आणि हॉलच्या दिशेने फोटो काढते, मागे आख्खा हॉल मिळतो आणि तो बाहेरच्यापेक्षा अंधारा असतो, त्यामुळे मोगरा काळ्या पडद्यावर ठेवल्यासारखा उठून दिसतो. सोफ्यावरचे न घडी केलेले कपडे पण गायब. हॉलमधली ट्यूबलाइट मात्र बंद करा, नाहीतर मागे एक पांढरा पट्टा येतो आणि तोच डोळ्यात खुपतो.

याच भोकाच्या हिशोबातून अजून एक गोष्ट निघते. ५५-२५० ची स्वस्तातली टेलिझूम, जी डबल लेन्स किटमध्ये बऱ्याच जणांना मिळालेली असते आणि चिमण्या-कबुतरं चार दिवस काढून झाली की बॅगेत पडून असते, तिचं २५० वर एफ ५.६ ला भोक किती? जवळजवळ ४५ मिलिमीटर! ५० च्या एफ १.८ पेक्षा मोठं. म्हणजे बॅकग्राउंड विरघळवायचं असेल तर तुमच्याकडे आधीच लेन्स आहे, फक्त एक-सव्वा मीटर मागे उभं राहायला जागा पाहिजे. फुलपाखरांसाठी तर मी हीच वापरते, कारण नीलवंतासारखं, म्हणजे आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉरमॉन, त्याच्याजवळ ५० ची लेन्स घेऊन गेलात तर तुम्ही पोचेपर्यंत ते शेजारच्या सोसायटीत असतं.

त्या ब्लरच्या पोताला बोके म्हणतात, जपानी शब्द आहे, आणि पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला आमच्या पार्किंगमधले दोन बोकेच आठवले. लेन्स पूर्ण उघडी असताना फोटोच्या मधले गोल गोल असतात पण कडेचे मांजरीच्या डोळ्यासारखे चपटे होतात, आणि जरा अपर्चर बंद केलं की त्याच्या पात्यांचा आकार दिसायला लागतो, माझ्या जुन्या लेन्सला पाचच पाती आहेत म्हणून एफ २.८ ला गोल ऐवजी पंचकोन येतात. काही लोकांना हे अजिबात चालत नाही. मला दिवाळीत पंचकोन आवडतात, आकाशकंदिलासारखे दिसतात.

आता प्रत्यक्ष करून बघा, वाचून यातलं काहीच डोक्यात बसत नाही. शिवणाच्या डब्यातली टेप काढा, टेबलावर तुमच्यापासून लांब जाईल अशी आडवी पसरा, टेबलाच्या कडेला कॅमेरा पुस्तकावर टेकवा आणि तिरक्या नजरेने मीटरभर लांबच्या एखाद्या आकड्यावर फोकस करा. कॅमेरा ए किंवा एव्ही मोडला, म्हणजे अपर्चर तुम्ही ठरवायचं आणि बाकीचं कॅमेरा बघतो. मग एफ १.८ किंवा तुमच्याकडे जो सगळ्यात कमी असेल तो, मग ४, मग ८, मग १६. चारही फोटोंमध्ये किती आकडे वाचता येतात ते मोजा. मग कॅमेरा तिथून निम्म्या अंतरावर आणून पुन्हा सगळं. अर्धा तास जातो पण यानंतर फोटो काढताना डोक्यात आपोआप सेंटीमीटर दिसायला लागतात, जसं पोळ्या करणाऱ्या बाईला कणीक बघून पाणी कळतं तसं.

फोकसचं. ऑटो एरिया, म्हणजे फोकस कुठे करायचा ते कॅमेराच ठरवतो तो प्रकार, बंद करा, एकच पॉइंट निवडा आणि तो स्वतः हलवून डोळ्यावर ठेवा. मधल्या पॉइंटने फोकस लॉक करून मग फ्रेम सरकवायची सवय बऱ्याच जणांना असते, मलाही होती, लांबच्या फोटोला चालतं, पण एफ १.८ ला एका मीटरवर कॅमेरा फिरवता फिरवताच पट्टी डोळ्याच्या मागे जाते. नवीन मिररलेस कॅमेऱ्यांमध्ये डोळा ओळखायची सोय आहे, ती असेल तर बिनधास्त वापरा, त्यात कमीपणा काही नाही. चेहरा तिरका असेल तर जवळचा डोळा स्पष्ट पाहिजे, लांबचा थोडा सॉफ्ट झाला तर चालतो.

अगदी जवळून काढताना मी ऑटोफोकस सोडूनच देते. लेन्स मॅन्युअलला, रिंग एका जागी, आणि मग स्वतःच पुढेमागे होते, अगदी हळू, कोपरं गुडघ्यावर टेकवून, श्वास सोडून झाल्यावर, पाच-सहा फोटो सलग. त्यातला एक लागतो. पाचात एक म्हणजे कमी वाटेल पण क्लोजअपला हे चांगलं प्रमाण आहे, उरलेले उडवायचे. शटर स्पीड १/२५० सेकंदापेक्षा हळू होऊ देऊ नका, कारण हात स्थिर असला तरी फूल वाऱ्याने हलत असतं, आणि चार मिलिमीटरच्या पट्टीत फूल पाच मिलिमीटर हललं की विषय संपला. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची संवेदनशीलता, वाढला तर वाढू द्या. दाणे दिसलेले परवडतात.

सपाट वस्तूची युक्ती सगळ्यात कामाची आहे. पट्टी पातळ आहे ना, मग वस्तूच त्या पट्टीत आडवी बसवा. फुलपाखरू पंख मिटून बसलंय तर त्याच्या बरोब्बर बाजूला या, कॅमेऱ्याची पाठ आणि पंख समांतर, मग एफ ५.६ ला सुद्धा आख्खा पंख खणखणीत येतो आणि मागचं गवत लोण्यासारखं. चतुर असेल तर शेपटीपासून डोळ्यापर्यंत त्याच्या बाजूला समांतर. जरा तिरके झालात की फक्त डोकं मिळेल. कधी कधी फक्त डोकंच पाहिजे असतं, तेव्हा मुद्दाम तिरकं व्हा. पावसाळ्यात अगदी पहाटे चतुर गारठलेले असतात, अंगावर पाणी असतं आणि पटकन उडत नाहीत, तेवढ्यात उरकायचं.

अजून जवळ जायचं असेल तर खरी मॅक्रो लेन्स महाग, पण एक्स्टेन्शन ट्यूब म्हणून पोकळ रिंगा मिळतात, त्यात काच नसते, लेन्स सेन्सरपासून लांब न्यायची एवढंच. ५० च्या लेन्सला ३१ एमएमची ट्यूब लावली की मुंगी बऱ्यापैकी मोठी दिसते. इलेक्ट्रॉनिक पिना असलेल्याच घ्या, मी पहिल्यांदा स्वस्तातल्या बिनपिनांच्या घेतल्या आणि अपर्चर बदलताच येईना, म्हणजे कायम एफ १.८, म्हणजे मुंगीची फक्त एक मिशी फोकसमध्ये. ट्यूब लावल्यावर लांबचा फोकस होत नाही, लेन्स बिघडली म्हणून घाबरू नका. खऱ्या आकाराएवढा फोटो सेन्सरवर पडायला लागला की एफ ८ ला सुद्धा पट्टी अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, नखाच्या जाडीपेक्षा थोडीच जास्त, म्हणून तिथे शॅलो-बिलो विसरा आणि सरळ एफ ११ ला जा, ब्लर नको म्हटलं तरी येतोच.

पावसाच्या थेंबातला फोटो करायचा असेल तर अळूच्या पानावर किंवा तारेवर लोंबणारा थेंब घ्या, मागे दहा-पंधरा सेंटीमीटरवर एक झेंडू उभा करा, थेंबात तो उलटा दिसतो. फोकस थेंबाच्या कडेवर नाही करायचा, आत दिसणाऱ्या झेंडूवर करायचा. फरक मिलिमीटरचा असतो पण तोच फोटो आहे.

फोनवाल्यांसाठी, पोर्ट्रेट मोडच्या आधी नुसतंच जवळ जा. मेन कॅमेऱ्याने दहा-पंधरा सेंटीमीटरवरून कैरीच्या फोडीचा, मोदकाच्या शेंडीचा, कपबशीच्या कडेचा फोटो काढला तर खरा ब्लर येतो. काही स्वस्त फोनमध्ये २ मेगापिक्सेलचा ‘मॅक्रो’ कॅमेरा असतो, माझ्या मते तो आकडा वाढवायला दिलेला असतो, त्यापेक्षा मेन कॅमेऱ्याने काढून क्रॉप केलेलं चांगलं. महागड्या फोनमध्ये जवळ गेलं की फोन आपणहून वाइड लेन्सवर उडी मारतो आणि बॅकग्राउंड एकदम स्पष्ट होऊन बसतं, तेव्हा तो ऑटो मॅक्रो बंद करून जरा मागे या. दोन पट-तीन पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती वापरून बघा. पोर्ट्रेट मोड म्हणजे फोनने अंदाजाने कापलेलं चित्र आहे, आणि तो अंदाज केसांच्या बटा, झुमके, चष्म्याच्या काड्या आणि स्टीलची भांडी इथे हमखास गंडतो. आमच्या चहाच्या गाळणीची दांडी एका फोटोत अर्धी हवेत विरघळलेली आहे. वापरायचाच तर नंतर एडिटमध्ये ब्लर कमी करा, तो जो खोटा एफ नंबर दाखवतात तो ४-५.६ च्या आसपास ठेवला की डोळ्याला पटतं.

भर दुपारी उन्हात एफ १.८ वर आयएसओ १०० ठेवूनसुद्धा शटर १/८००० च्या आसपास लागतं आणि साध्या डीएसएलआरचं १/४००० लाच संपतं, मग फोटो पांढराफटक. सावलीत या, नाहीतर एनडी फिल्टर (लेन्सपुढे लावायची, प्रकाश कमी करणारी काळपट काच), नाहीतर गपचूप एफ २.८. तसंही बहुतेक स्वस्त लेन्स पूर्ण उघड्या असल्या की उन्हातल्या स्टीलच्या कडेला जांभळी रेघ येते, ती २.८ ला बरीच जाते.

आणि सगळीकडे ब्लर करू नका हो. गणपतीची आरास काढताना मागची सजावट ज्याने रात्र रात्र जागून केलीये त्याला ती फोटोत दिसायला हवी असते. जेवणाच्या ताटाचा फोटो एफ १.८ ला काढून फक्त लिंबाची फोड स्पष्ट येते आणि पुरणपोळी कुठली आणि भाकरी कुठली ते ओळखू येत नाही, असले फोटो मी पण काढलेत. ताटाला एफ ५.६-८, एकट्या मोदकाला २.८. चहाच्या टपरीवर मागच्या स्टोव्हची ज्वाळा, माणसाची उभी आकृती एवढं ओळखू येईल इतपतच ब्लर ठेवा, नाहीतर ती टपरी कुठली आणि तुमचं किचन कुठलं, सगळं सारखंच. कासला गेलात तर हे जास्तच लागू आहे, पठार मागे अंधुक दिसलं पाहिजे, नाहीतर सोनकी घराजवळच्या माळावरची पण तशीच दिसते. शिवाय तिथे सीतेची आसवं आणि दवबिंदू ही एवढुशी असतात की त्यांच्या पातळीला कॅमेरा न्यायला लोक सरळ आडवे झोपतात आणि झोपतात ते बाकीच्या फुलांवर. पायवाटेवर बसा, कॅमेरा जमिनीला टेकवा, स्क्रीन वळणारी असेल तर वळवा आणि टेलिझूम लावा, एक मीटरवरून सगळं मिळतं.

पुढच्या बाजूचा ब्लर पण वापरून बघा, झेंडूच्या माळेच्या फटीतून, पडद्याच्या कडेतून, लेन्सला जवळजवळ चिकटवून एखादं पान. घरातली गिचमिड झाकायला याच्यासारखं दुसरं काही नाही.

फोटो काढून झाला की तिथेच, माणसं उठून जायच्या आत, स्क्रीनवर पूर्ण झूम करून डोळा बघा. लग्नाला मी हेच केलं. मामेबहिणीला मुंडावळ्या, तीच नथ, आणि मी एक मीटरवरच पण एफ ४ ला, म्हणजे सहा सेंटीमीटरची पट्टी, फोकस जवळच्या डोळ्यावर. सहाची निम्मी पुढे, म्हणजे तीन, त्यात नथ आली. मागची खुर्च्यांची रांग तरीही गेली कारण बहिणीला मांडवाच्या खांबापासून चार पावलं पुढे आणून उभं केलं होतं. मामीला विचाराल तर ती अजून म्हणते साखरपुड्याचेच जास्त छान आलेत.